गोष्ट एक, लिहिणारे अनेक

ऑनलाइन रोलप्लेमध्ये पात्र कसं उभं करायचं, गोष्ट पुढे कशी न्यायची आणि खेळता खेळता नाती कशी सांभाळायची?

घरातली नववी-दहावीतली मुलगी तासभर फोनवर भराभर टाइप करतेय. मध्येच स्वतःशी हसते, मध्येच कपाळाला आठ्या घालते. जेवायला हाक मारली तर उत्तर येतं, ‘‘थांब ना आई, माझं पात्र आत्ता तुरुंगात अडकलंय!’’ आईला वाटतं, गेम चाललाय. बाबांना वाटतं, चॅटिंग चाललंय. खरं तर ती लिहितेय. दोन-चार मैत्रिणी मिळून एक गोष्ट रचताहेत. प्रत्येकीचं एक पात्र आहे, प्रत्येकजण आपल्या पात्राच्या तोंडून बोलते आणि पुढे काय होणार हे कुणा एकीलाच माहीत नाही.

यालाच म्हणतात ऑनलाइन रोलप्ले. एखादा ग्रुप, एक काल्पनिक जग, त्यात वावरणारी पात्रं आणि आळीपाळीने लिहिलेल्या पोस्ट. कुणी डिस्कॉर्डवर खेळतं, कुणी टेलिग्रामवर, कुणी साध्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. काही गोष्टी आठवडाभरात संपतात, काही वर्षानुवर्षं चालतात.

वरवर सोपं वाटणारा हा खेळ चांगला खेळणं मात्र सोपं नाही. एकट्याने कथा लिहिताना सगळे दोर तुमच्या हातात असतात. इथे निम्मे दोर दुसऱ्याच्या हातात असतात. म्हणूनच बरेच ग्रुप उत्साहात सुरू होतात आणि पंधरा दिवसांत थंड पडतात, किंवा भांडणात मोडतात. दोन्ही टाळता येतं. कसं, ते पाहू या.

हा खेळ नवा नाही

मुलांनी मिळून एक जग कल्पायचं आणि त्यातली पात्रं व्हायचं, हे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या हॉवर्थ गावी १८२६च्या जूनमध्ये एका पाद्र्याने आपल्या मुलासाठी लाकडी सैनिकांचा संच आणला. मुलाचं नाव ब्रॅनवेल ब्रॉन्टे. त्याने आणि शार्लट, एमिली, ॲन या तीन बहिणींनी एकेक सैनिक उचलला आणि त्याला नाव दिलं. त्यातून एक अख्खं नगर उभं राहिलं. त्याचे राजे, लढाया, वर्तमानपत्रंही आली. सैनिकांच्या हातात शोभतील इतक्या चिमुकल्या वह्यांमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरांत मुलं ते लिहीत असत.

पुढे शार्लट आणि ब्रॅनवेल यांनी अँग्रिया नावाचं राज्य रचलं. थोरल्यांच्या जगात आपल्याला दुय्यम जागा मिळते म्हणून धाकट्या एमिली आणि ॲनने गोंडल हे आपलं स्वतंत्र बेट वसवलं, असं अभ्यासक मानतात. १८४५मध्ये दोघी यॉर्कच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा एमिली २६ वर्षांची होती आणि ॲन २५ची. त्या प्रवासातही दोघी गोंडलमधली पात्रं बनून वावरत होत्या, हे एमिलीने स्वतःच्या टिपणात लिहून ठेवलंय. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४७मध्ये, एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ आणि शार्लटची ‘जेन एअर’ प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे तर भातुकली आणि बाहुला-बाहुलीचं लग्न हा रोलप्लेच. मोठ्यांमध्ये पाहायचं तर सिंधुदुर्ग आणि गोव्यातला दशावतार घ्या. पारंपरिक दशावतारी नाटकात छापील संवाद नसतात. कथानक कोणतं आणि कोण कोणती भूमिका करणार, एवढं ठरतं. पुढचे संवाद कलाकार रंगमंचावर आयत्या वेळी रचतात. समोरचा काय बोलेल हे माहीत नसताना त्याला साजेसं उत्तर द्यायचं आणि गोष्ट ठरलेल्या वाटेवरही ठेवायची. ऑनलाइन रोलप्लेमध्ये नेमकं हेच करायचं असतं. फक्त तोंडाऐवजी बोटं चालतात.

आजच्या रोलप्लेची दोन उगमस्थानं सांगता येतात. १९७४मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. त्यात एकजण सूत्रधार असतो, बाकीचे एकेक पात्र चालवतात. नंतर १९७८मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ‘मड’ नावाचा संगणकीय खेळ तयार झाला. त्यात चित्रं नव्हती, फक्त शब्द होते आणि एकाच जगात एकाच वेळी अनेकजण वावरू शकत होते. पुढे इंटरनेट घरोघरी पोहोचलं आणि या दोन्ही प्रवाहांचा संगम झाला.

खेळातून थेट पुस्तकापर्यंत

‘यातून मिळतं काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसं आहे. ‘द एक्सपान्स’ ही अवकाशातली वेब सिरीज अनेकांनी पाहिली असेल. तिचं जग टाय फ्रँक यांनी आधी एका ऑनलाइन गेमसाठी रचलं होतं. तो गेम काही बाजारात आला नाही. मग त्याच जगात त्यांनी काही मित्रांसोबत ऑनलाइन, पोस्ट लिहून खेळायचा रोलप्ले चालवला. नंतर डॅनियल अब्राहम या लेखकाच्या ते जग नजरेत भरलं. दोघांनी जेम्स एस. ए. कोरी या टोपणनावाने २०११मध्ये ‘लेव्हायथन वेक्स’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. २०२१पर्यंत नऊ कादंबऱ्या झाल्या, सहा सीझनची मालिका झाली आणि २०२०मध्ये या कादंबरीमालेला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

यातला एक तपशील खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कथेत शेड नावाचं एक पात्र सुरुवातीलाच अचानक मरतं. वाचकाला धक्का बसतो. त्यामागचं कारण मात्र साधं होतं. मूळ रोलप्लेमध्ये ते पात्र चालवणारा खेळाडू खेळ सोडून गेला. पात्राचं काय करायचं, या अडचणीतून कथेतला एक जोरदार प्रसंग जन्माला आला. एकत्र लिहिताना अडथळे येणारच. त्यांचं गोष्टीत रूपांतर करता आलं की गोष्ट अधिक खरी वाटते.

पात्राला काय येत नाही?

नवखा खेळाडू पात्र घडवताना बहुतेक वेळा पराक्रमांची यादी करतो. दिसायला अतिशय सुंदर, तलवारबाजीत अजिंक्य, सात भाषा येतात, आईवडील लहानपणीच वारलेले, वर गुप्त राजघराण्याचा वारस! अशा पात्रासाठी एक नावही आहे, ‘मेरी स्यू’. १९७३मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या हौशी कथांची थट्टा करणारी एक छोटी कथा लिहिली. तिची नायिका होती अवघ्या साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू. तिला सगळं येतं आणि सगळे तिच्यावर फिदा असतात. तेव्हापासून अशा परिपूर्ण पात्रांना तेच नाव पडलं.

एकट्याच्या कथेत असं पात्र फार तर कंटाळवाणं होईल. सामूहिक गोष्टीत ते इतरांची जागा खातं. तुमच्या पात्राला कुलूप तोडता येतं, जखम बांधता येते, रस्ताही माहीत असतो. मग बाकीच्या तिघांनी करायचं काय? म्हणून पात्र घडवताना आधी विचारा, याला काय येत नाही? त्या रिकाम्या जागेतूनच दुसरं पात्र आत येतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, इंदूर, बडोदा आणि बंगळुरूमध्ये राहणारी तीन मावस-चुलत भावंडं मिळून एक गोष्ट लिहिताहेत. जागा, कोकण किनाऱ्यावरचं एक काल्पनिक गाव. साल १९६५. गावातल्या दीपगृहाचा रखवालदार तीन दिवसांपासून बेपत्ता आहे. तरीही दिवा मात्र रोज रात्री लागतोय.

इंदूरची ताई रखवालदाराच्या मुलीचं पात्र घेते, यमुना, वय १७. पात्राची ओळख लिहिताना पाच प्रश्नांची उत्तरं पुरतात.

तिला काय हवंय? वडील परत हवेत, आणि ते येईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही.

ती कशाला घाबरते? वडील न सांगता गेले हे कळलं तर सरकारी खोली सोडावी लागेल, याला.

ती काय लपवते? रात्री दिवा तीच लावते.

तिची एखादी सवय? बोलताना पायऱ्या मोजते.

तिला कुणाची गरज पडणार? तिला इंग्रजी वाचता येत नाही, आणि वडिलांच्या कपाटात एक इंग्रजी पत्र सापडलंय.

शेवटचं उत्तर सगळ्यात कामाचं आहे, कारण बडोद्याच्या दादाचं पात्र आहे गावचा पोस्टमास्तर. त्याला इंग्रजी वाचता येतं, पण लोकांची पत्रं उघडून पाहण्याची खोड आहे. बंगळुरूचा धाकटा भाऊ चालवतो हवालदार दत्तू. तो समुद्रकाठच्या ठाण्यात आहे आणि त्याला पोहता येत नाही! तिघांची ओळख वाचूनच पुढे काय काय घडू शकेल, हे सुचायला लागतं. पात्र चांगलं जमल्याची हीच खूण. रूप, उंची, डोळ्यांचा रंग हे सारं नंतर ठरवलं तरी चालतं.

पूर्वायुष्यही सगळं आधीच लिहून टाकू नका. थोडं कोरं ठेवा. यमुनेच्या आईचं काय झालं, हे खेळताना कुणीतरी विचारेल. त्या वेळी सुचलेलं उत्तर घरी बसून लिहिलेल्या चार पानांपेक्षा जिवंत असतं.

दुसऱ्याच्या पात्राला हात लावू नका

रोलप्लेचा पहिला नियम एकच. तुमचं पात्र तुमचं, माझं पात्र माझं. मी माझ्या पात्राचं बोलणं, वागणं, मनातले विचार लिहीन. तुमच्या पात्राने काय केलं, हे तुम्हीच लिहायचं. हा नियम मोडण्याला खेळाडू ‘गॉडमॉडिंग’ म्हणतात, म्हणजे स्वतःच देव होऊन बसणं. सर्वाधिक भांडणं इथेच होतात.

समजा, धाकट्या भावाने लिहिलं :

‘हवालदार दत्तूने यमुनेचा हात धरला. ती घाबरून रडू लागली आणि तिने सगळं खरं सांगून टाकलं.’

दोन वाक्यांत त्याने ताईचं पात्र पळवलं. यमुना रडली, घाबरली, बोलली, हे सगळं त्यानेच ठरवलं. इतके दिवस जपलेलं तिचं गुपितही संपवलं. ताई चिडणारच. आता हाच प्रसंग असा लिहून पाहा :

‘हवालदार दत्तूने कंदील वर धरला. यमुनेच्या बोटांना लागलेलं तेल त्याला दिसलं. ‘‘दिवा कोण लावतं गं रोज?’’ त्याने विचारलं आणि उत्तराची वाट पाहत तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला.’

दत्तू इथेही तितकाच हुशार आहे, उलट जास्तच. दबावही आहे. पण उत्तर द्यायचं की नाही, खरं सांगायचं की खोटं, हे यमुनेच्या हातात राहिलं.

मारामारीच्या प्रसंगात तर हे अधिकच पाळावं लागतं. ‘त्याने वार केला आणि समोरचा कोसळला’ असं लिहू नका. ‘त्याने खांद्याच्या रोखाने काठी फिरवली’ इथे थांबा. लागली की चुकवली, हे समोरचा ठरवेल. आणि समोरच्यानेही प्रत्येक वार चुकवू नये. ज्याला कधी लागतच नाही, त्याच्याशी खेळण्यात कुणाला मजा येईल? अधूनमधून हरायची तयारी ठेवणारा खेळाडू सगळ्यांना हवाहवासा वाटतो.

पोस्ट लिहा, पण दार उघडं ठेवा

दुसरी अडचण याच्या उलट आहे. समोरच्याने छान प्रसंग उभा केला आणि तुम्ही उत्तर दिलं, ‘यमुना काहीच बोलली नाही.’ झालं! आता पुढे जायला रस्ताच नाही. समोरच्याला पुन्हा सगळं ओझं उचलावं लागणार. असं चार वेळा झालं की तो थकतो आणि ग्रुप शांत होतो.

चांगल्या पोस्टमध्ये तीन गोष्टी असतात. आधी समोरच्याने दिलेलं स्वीकारायचं. मग त्यात आपलं काहीतरी घालायचं. आणि शेवटी समोरच्याला पकडता येईल असा एक धागा सोडायचा. यमुनेचं उत्तर असं येऊ शकतं :

‘यमुनेने हात पदराआड घेतले. ‘‘वरच्या दाराची कडी गंजलीय, तिला तेल घालत होते,’’ ती म्हणाली. तेवढ्यात वर, लोखंडी जिन्यावर, कुणाची तरी पावलं वाजली. हवालदारापेक्षा यमुनाच जास्त दचकली.’

तेलाचा मुद्दा तिने नाकारला नाही, त्याला एक पटण्याजोगी थाप जोडली. आणि शेवटच्या दोन वाक्यांनी गोष्टच बदलली. वर कोण आहे, हे यमुनेलाही माहीत नाही! आता दत्तू वर धावेल का? पोस्टमास्तर आधीच तिथे लपलाय का? तिघांनाही लिहायला हात शिवशिवतील.

लांबीची चिंता करू नका. समोरचा पाच-सहा ओळी लिहीत असेल तर तुम्हीही साधारण तेवढंच लिहा. तो एका ओळीत बोलत असताना तुम्ही दोन पानं पाठवलीत तर तो दबून जाईल. आणि दर वेळी नवा स्फोट, नवं अपहरण, नवा खून नको. दोन पात्रं चहा पीत बसली आहेत आणि एकजण खोटं बोलतोय, एवढ्यावरही सुरेख प्रसंग रंगतो.

पात्राला काय माहीत आहे?

ग्रुपमध्ये सगळ्या पोस्ट सगळ्यांना दिसतात. यमुनाच दिवा लावते, हे बंगळुरूच्या भावाने वाचलेलं असतं. पण हवालदार दत्तूला ते माहीत नाही. खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राने वापरली की त्याला ‘मेटागेमिंग’ म्हणतात. दत्तू काहीही कारण नसताना थेट दिव्यापाशी जाऊन उभा राहिला, तर रहस्याची हवाच गेली.

खरी मजा उलट करण्यात आहे. तुम्हाला सत्य माहीत आहे, तरी पात्राला चुकीच्या दिशेने जाऊ द्या. दत्तू पोस्टमास्तरावर संशय घेतो, त्याला ठाण्यात बसवून ठेवतो आणि त्या रात्री यमुनेला पत्र वाचून दाखवायला कुणी उरत नाही. तुमच्या पात्राची चूक दुसऱ्याच्या गोष्टीला बळ देते.

सुरू करण्याआधी एक बैठक

अनुभवी खेळाडू पहिली पोस्ट लिहिण्याआधी एकदा बसून बोलून घेतात. टेबलावरच्या खेळात याला ‘सेशन झीरो’ म्हणतात. त्यात ठरवायच्या गोष्टी थोड्याच असतात.

गोष्टीचा सूर कोणता, विनोदी, रहस्याचा की गंभीर? एकाला भुताची गंमत हवी आणि दुसऱ्याला कौटुंबिक कथा, तर दोघांचाही विरस होतो.

पोस्ट किती दिवसांनी करायची? रोज की आठवड्यातून दोनदा? परीक्षा, ऑफिस, पाहुणे सगळ्यांकडेच असतात. जमेल तेवढंच कबूल करा.

सूत्रधार कोण? वादळ आलं, बोट बुडाली, नवा माणूस गावात आला, हे ठरवणारा आणि वाद झाला तर शेवटचा शब्द देणारा एकजण असलेला बरा. हे काम आळीपाळीनेही करता येतं.

कोणते विषय नकोत? हा प्रश्न संकोच न करता विचारा. एखाद्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल, कुणाला हिंसेची वर्णनं सहन होत नसतील. काही विषय गोष्टीत आणायचेच नाहीत. काही आले तरी त्यांच्यावर पडदा टाकून पुढच्या प्रसंगाकडे जायचं. दोन्हींची यादी करून ग्रुपमध्ये वर लावून ठेवा.

खेळताना अचानक त्रास झाला तर? जॉन स्टॅव्ह्रोपौलोस यांनी २०१३मध्ये टेबलावरच्या खेळांसाठी ‘एक्स-कार्ड’ची युक्ती मांडली. टेबलावर फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचं नाही. ऑनलाइन ग्रुपमध्ये एखादा इमोजी यासाठी ठरवून घेता येतो.

आणखी एक साधी सवय लावून घ्या. पात्र म्हणून लिहिलेलं आणि स्वतः म्हणून बोललेलं वेगळं दिसू द्या. स्वतःचं बोलणं कंसात लिहा किंवा गप्पांसाठी दुसरा ग्रुप ठेवा. ‘मी आता तुला कधीच माफ करणार नाही’ हे वाक्य यमुनेचं आहे की ताईचं, याबद्दल शंका उरता कामा नये.

राग कुणाचा, पात्राचा की माझा?

महिनोन्‌महिने एखादं पात्र चालवलं की त्याची सुखदुःखं आपल्याला चिकटतात. पात्राचा अपमान झाला की आपल्यालाच वाईट वाटतं. आपला दिवस वाईट गेला की पात्र विनाकारण भांडखोर होतं. खेळाडूंमध्ये याला ‘ब्लीड’ म्हणतात, कपड्याचा रंग दुसऱ्या कपड्याला लागावा तसं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नाटकातल्या कलाकारांनाही हा अनुभव येतो. फक्त ते ओळखता आलं पाहिजे. झोप उडत असेल, समोरच्या मैत्रिणीचा खऱ्या आयुष्यात राग येऊ लागला असेल, तर दोन दिवस थांबा. मग तिच्याशी पात्र म्हणून नव्हे, स्वतः म्हणून बोला.

सगळ्यात जास्त दुखावणारी गोष्ट मात्र भांडण नसते. ती असते न सांगता निघून जाणं. तीन महिने रोज लिहिणारा जोडीदार एक दिवस उत्तर देईनासा होतो. गोष्ट अर्धवट राहते आणि मागे राहिलेल्याला वाटतं, माझं लिखाणच आवडलं नसेल. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. अभ्यास, आजारपण किंवा नुसता कंटाळा. म्हणून सोडायचं असेल तर सोडा, पण दोन ओळी लिहून सोडा. ‘मला आता जमत नाहीये. यमुनेला पुण्याच्या मावशीकडे पाठवून द्या,’ एवढं पुरतं. गोष्टीतून नीट निरोप घेणं हा समोरच्याच्या वेळेचा मान आहे.

पालकांनो, नियम हवेत, धास्ती नको

हा खेळ मुलांना लिहायला, ऐकून घ्यायला आणि दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहायला शिकवतो. पण अनोळखी माणसांसोबत खेळताना धोकाही असतो, हे नाकारून चालणार नाही. १४ वर्षांची मुलगी म्हणून लिहिणारं पात्र प्रत्यक्षात कोण चालवतंय, हे पडद्यामागे कळत नाही. पात्राच्या आडून हळूहळू जवळीक साधण्याचा प्रयत्न होऊ शकतो.

व्हॉट्सअॅप, डिस्कॉर्ड यांसारख्या अॅपवर खातं उघडण्यासाठी किमान १३ वर्षं पूर्ण असावी लागतात. ते पाळा. लहान मुलांनी ओळखीच्या मित्रमैत्रिणींसोबत आणि भावंडांसोबतच खेळावं. पात्राचं नाव वेगळं ठेवावं. खरं नाव, शाळा, पत्ता, फोटो, फोन नंबर कुणालाही देऊ नये. कुणी ‘ग्रुप सोडून आपण दोघंच बोलू’, ‘हे घरी सांगू नकोस’ किंवा ‘फोटो पाठव’ म्हणालं, तर तो खेळ तिथेच थांबवावा आणि घरी सांगावं. १८ वर्षांखालच्या मुलांसोबत शृंगारिक रोलप्ले हा खेळ नव्हेच. मोठ्या व्यक्तीने तसं केलं तर तो पॉक्सो कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. अशा वेळी मेसेज पुसून टाकू नका, स्क्रीनशॉट ठेवा. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

मात्र एका वाईट अनुभवाच्या भीतीने फोनच काढून घेतला, तर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. त्याऐवजी अधूनमधून विचारा, ‘‘तुझ्या पात्राचं पुढे काय झालं?’’ मुलं हे सांगायला उत्सुक असतात. ऐकता ऐकता गोष्टही कळते आणि सोबत कोण खेळतंय तेही.

मराठी गोष्ट, घरच्याच ग्रुपवर

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांना मराठी समजतं, बोलताही येतं, पण लिहायची वेळ आली की हात थांबतो. निबंध लिही म्हटलं तर तोंड वाकडं होतं. पण हवालदार दत्तूला उत्तर द्यायचंय, ते आजच द्यायचंय आणि भावंडं वाट पाहताहेत म्हटल्यावर शब्द शोधले जातात. ‘कंदील’ला पर्याय सुचत नाही म्हणून आजीला फोन जातो. शुद्धलेखनाच्या चुका लगेच दुरुस्त करत बसू नका. गोष्ट चालू राहिली की भाषा आपोआप सुधारते.

आजी-आजोबांनाही सामील करून घ्या. टाइप करायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज आहेच. दीपगृहाच्या गावात एक म्हातारी कोळीण हवीच. ती सगळ्यांना ओळखते आणि कुणालाही सरळ उत्तर देत नाही! ही भूमिका कुठलीही आजी झोकात करेल.

सुरुवातीसाठी जग फार मोठं नको. एक जागा, एक अडचण आणि तीन-चार पात्रं पुरेत. बंद पडलेल्या एसटीत अडकलेले प्रवासी. वाटणीच्या आदल्या रात्री वाड्यात जमलेले नातेवाईक. लग्नघरातून गायब झालेला मंगळसूत्राचा डबा. अशा जागेत कुणालाही पळून जाता येत नाही, त्यामुळे पात्रांना एकमेकांशी बोलावंच लागतं.

आणि गोष्ट संपवायलाही शिका. चालू ठेवायची म्हणून ताणलेली गोष्ट रडतखडत मरते. सुरुवातीलाच ठरवा, दिवाळीपर्यंत किंवा पन्नास पोस्टपर्यंत. शेवट जवळ आला की प्रत्येकाने आपल्या पात्राचा एक प्रश्न सोडवायचा. यमुनेचे वडील सापडोत किंवा न सापडोत, तिने दत्तूला खरं सांगितलं की नाही, हे कळलं पाहिजे. मग सगळ्या पोस्ट एका फाइलमध्ये क्रमाने लावा, गप्पा आणि इमोजी काढून टाका, प्रिंट काढा आणि सुट्टीत सगळे जमाल तेव्हा आपापल्या पात्राचे संवाद मोठ्याने वाचा. कुठलं वाक्य कुणी लिहिलं यावरून तेव्हा वाद होईल. होऊ द्या, तेवढ्यात कुणीतरी नव्या गोष्टीसाठी जागा सुचवेलच.